जवळच्या मुलाचं शैक्षणिक पालकत्व घ्यायचंय? सुरुवात कुठून करायची आणि काय तपासायचं

एखाद्या गरजू मुलाच्या शिक्षणाचा खर्च उचलावा असं मनात असणारी माणसं आपल्या आजूबाजूला पुष्कळ आहेत. अडतं ते त्याच्या पुढे. विचारायचं कुणाला, पैसे द्यायचे कुणाच्या हातात, ते मुलापर्यंत पोचतात हे कसं कळणार, आणि एकदा हो म्हटलं की किती वर्षं शब्द पाळावा लागणार? या विचारात जून येतो, शाळा सुरू होतात आणि विषय पुढच्या वर्षावर जातो.

मी सोलापुरात राहते. आमच्या घरातून काही वर्षांपासून इथल्याच एका संस्थेमार्फत विडी कामगारांच्या मुलांच्या शिक्षणाला मदत जाते. त्यातून जे कळलं ते इथे क्रमाने मांडते. माझं मत आधीच सांगून टाकते: मूल आपल्याच गावातलं किंवा तालुक्यातलं असावं, पैसे संस्थेमार्फत जावेत, आणि ते कुणी दिले हे मुलाला कळलं नाही तरी काही बिघडत नाही.

१. आपण नक्की काय करतोय ते समजून घ्या

बोलीत याला सर्रास ‘मूल दत्तक घेणं’ म्हणतात आणि तिथूनच गैरसमज सुरू होतात. कायद्यातलं दत्तकविधान पूर्ण वेगळं आहे. अनाथ किंवा सोडून दिलेल्या मुलाच्या बाबतीत ते केंद्रीय दत्तक ग्रहण प्राधिकरणाच्या, म्हणजे ‘कारा’च्या नोंदणीतूनच होतं, आणि त्यात मूल कायमचं तुमच्या घरातलं होतं. प्रतिपालकत्वात मूल काही काळ तुमच्या घरी राहतं आणि त्याचा आदेश बालकल्याण समिती देते.

शैक्षणिक पालकत्वात मूल स्वतःच्या आईवडिलांकडे, आजीकडे किंवा वसतिगृहातच राहतं. तुम्ही त्याच्या शिक्षणाचा ठरलेला खर्च संस्थेला देता. मुलावर तुमचा कसलाही हक्क येत नाही. त्याने कोणत्या शाळेत जावं, कोणती शाखा घ्यावी, सुट्टीत कुठे जावं, हे त्याचं घर ठरवतं.

कुणी ‘पैसे भरा आणि मूल घरी न्या’ असं सुचवलं तर तिथून उठा आणि १०९८ या चाइल्ड हेल्पलाइनवर कळवा.

२. रक्कम आणि वर्षं, दोन्ही घरात बोलून ठरवा

रकमेपेक्षा वर्षं महत्त्वाची. सहावीतल्या मुलीची जबाबदारी घेऊन आठवीत हात काढून घेतला तर नुकसान जास्त होतं, कारण दरम्यान घराने त्या पैशावर हिशेब बसवलेला असतो. पाचवी ते दहावी हा टप्पा पेलवत नसेल तर आठवी ते दहावी घ्या. तेही जड वाटत असेल तर एका मुलाची जबाबदारी घेऊ नका, संस्थेच्या सामायिक शिक्षणनिधीला वर्षातून एकदा द्या. त्यात काहीही कमीपणा नाही. उलट बऱ्याच संस्थांना असाच पैसा हवा असतो, कारण तो गरज पडेल तिथे वापरता येतो.

दोन-तीन कुटुंबांनी मिळून एक मूल घेणं हाही चांगला मार्ग आहे. मात्र संस्थेशी बोलणारा माणूस एकच ठेवा.

आकडा संस्थेकडूनच घ्या, आणि तो बाबवार मागा: वह्या, दप्तर, गणवेश, बूट, रिक्षा किंवा बस, शिकवणी, परीक्षा फी, आजारपण. अनुदानित मराठी शाळेत फी फारशी नसते. खरा खर्च असतो तो शाळेभोवतीचा.

आणि एक खर्च कुठल्याच यादीत येत नाही. आमच्याकडे विडी घरकुलात, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीत गेलात तर दुपारी दारोदारी बायका मांडीवर सूप घेऊन बसलेल्या दिसतील. ओल्या फडक्यात गुंडाळलेली तेंदूची पानं, शेजारी कात्री, सुपात तंबाखू. पान कापायचं, वळायचं, दोरा बांधायचा. पोरी शाळेतून आल्या की दप्तर ठेवतात आणि आईशेजारी बसून विड्यांची तोंडं दुमडायला लागतात. कारखान्याच्या ब्रँचमध्ये विड्या मोजून घेतात, खराब म्हणून काही बाजूला काढतात, तेवढी मजुरी कमी होते. त्यामुळे मुलीचे दोन हात आईला खरोखर लागतात. अशा घरात फक्त वह्या देऊन भागत नाही, मुलीची संध्याकाळ मोकळी व्हावी लागते. आमची संस्था वस्तीतच अभ्यासिका चालवते आणि घराच्या किराण्याला थोडा हातभार लावते. तुमच्या भागात विडी नसेल, ऊसतोड असेल, वीटभट्टी असेल, मासळी सोलणं असेल. मुलाचा वेळ कशात जातो हे संस्थेला विचारा. ज्या संस्थेकडे याचं उत्तर आहे ती संस्था घरांपर्यंत जाते असं समजा.

३. संस्था शोधा, आणि ती जवळची असू द्या

साधारण चार प्रकारच्या संस्था भेटतील.

घरी राहणाऱ्या मुलांना मदत करणाऱ्या वस्तीपातळीवरच्या संस्था हा पहिला प्रकार. दुसरा वसतिगृहांचा. पुण्यात १९५५ साली डॉ. अच्युत आपटे यांनी सुरू केलेली विद्यार्थी सहाय्यक समिती खेड्यातून येणाऱ्या मुलामुलींच्या राहण्याजेवणाची सोय करते. बीड जिल्ह्यातल्या आर्वीचं शांतिवन ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी काम करतं. दसरा-दिवाळीनंतर आईवडील कोयता घेऊन कारखान्याच्या फडावर गेले की मागे राहिलेल्या मुलांची शाळा अशाच ठिकाणांमुळे टिकते. तिसरा प्रकार दहावीनंतरच्या शिक्षणाला मदत करणाऱ्यांचा, जसं ठाण्याचं विद्यादान सहाय्यक मंडळ. चौथा तुमच्याच जुन्या शाळेचा माजी विद्यार्थी निधी. हा सगळ्यात दुर्लक्षित आहे आणि बऱ्याचदा सगळ्यात उपयोगी, कारण वर्गशिक्षकांना कुठल्या मुलाकडे डबा नसतो हे माहीत असतं.

ही नावं प्रकार कळावेत म्हणून घेतली. तुम्ही मात्र आपल्या गावातली संस्था शोधा. जिल्हा परिषदेच्या शाळेचे मुख्याध्यापक, अंगणवाडी सेविका, आशाताई आणि जिल्हा बाल संरक्षण कक्ष यांना विचारलंत तर दोन-तीन नावं नक्की मिळतील. जवळच्या संस्थेचा मोठा फायदा म्हणजे तिच्याबद्दल चार माणसांना विचारता येतं.

इथे एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. ‘आपल्या समाजातल्या मुलाला’ म्हटलं की आपल्याकडे अनेकांच्या मनात जात येते. जातवार बोर्डिंगांना महाराष्ट्रात इतिहास आहे. छत्रपती शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९०१ पासून निरनिराळ्या जातीधर्मांच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहं उभी केली, आणि त्या काळात तोच रस्ता उघडा होता. पण त्यानंतर १९२४ साली भाऊराव पाटलांनी साताऱ्यात सगळ्या जातींची मुलं एकाच वसतिगृहात, एकाच पंगतीत बसवली. ते होऊन शंभर वर्षं झाली. आज निवड करताना शेजार बघा, आडनाव बघू नका. मूल निवडण्याचं काम तर संस्थेवरच सोडा. ‘मुलगी हवी, हुशार हवी, अमुक जातीची हवी’ अशा अटी घातल्या की ज्याला खरी गरज आहे ते मूल मागे राहतं. साधारण गुणांच्या मुलाला दाता मिळत नाही, हे कोणत्याही संस्थेत विचारून पाहा.

४. संस्थेचे कागद बघा

कागद मागायला संकोच वाटतो, पण चांगली संस्था ते आपणहून पुढे करते. हे बघा:

- धर्मादाय आयुक्तांकडचं नोंदणी प्रमाणपत्र. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली ही नोंदणी होते.
- पीटीआर उतारा, म्हणजे सध्याचे विश्वस्त कोण आहेत त्याची नोंद. विश्वस्त सगळे एकाच घरातले असतील तर पुढचे कागद जास्त बारकाईने बघा.
- गेल्या तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल: ताळेबंद आणि उत्पन्न-खर्च पत्रक.
- संस्थेचं पॅन आणि ८०जी मंजुरीचं पत्र, म्हणजे देणगीवर दात्याला आयकरात सवलत मिळते त्याची मंजुरी. मंजुरी मुदतीची असते, ती संपलेली नाही ना ते पाहा.
- मुलं संस्थेतच राहत असतील तर बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ४१ खालची नोंदणी आहे का ते विचारा. अनाथ, निराधार किंवा संरक्षणाची गरज असलेल्या मुलांना ठेवणाऱ्या संस्थेला ती घ्यावीच लागते. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांचं साधं वसतिगृह त्यात येत नाही.
- बाल संरक्षण धोरण: मुलांना भेटायला कोण येऊ शकतं, तक्रार कुणाकडे करायची, याचे लेखी नियम.

नीती आयोगाच्या ‘दर्पण’ पोर्टलवर नाव आहे म्हणजे सरकारने संस्था तपासली, असा समज आहे. तो चुकीचा आहे. तिथली माहिती संस्थेने स्वतः भरलेली असते.

उत्पन्न-खर्च पत्रक वाचता येत नसेल तर ओळखीच्या अकाउंटंटला दाखवा. मुलांवर किती गेले आणि कार्यक्रम, छपाई, प्रवास यांवर किती गेले, एवढं तरी कळायला हवं. कार्यकर्त्यांचे पगार दिसले की लोक नाक मुरडतात. मला ते पटत नाही. वस्तीत रोज फिरणाऱ्या ताईला पगार नसेल तर ती चार महिन्यांत दुसरीकडे नोकरी धरेल, आणि तुमच्या मुलाची चौकशी करायला कुणी उरणार नाही.

५. एकदा जाऊन बघा

कार्यक्रमाच्या दिवशी जाऊ नका, आधी कळवून साध्या कामाच्या दिवशी जा. विश्वस्तांशी बोलून झालं की गृहभेटी करणाऱ्या ताई-दादांशी बोला. मूल कसं निवडलं, घरी शेवटचं कोण आणि कधी गेलं होतं, मूल शाळेतून गळालं तर काय करता, दाता मध्येच थांबला तर काय करता, एवढं विचारा. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ठाम आणि पटकन आलं पाहिजे.

मुलाला त्याच दिवशी भेटवा असा आग्रह धरू नका.

६. सरकारकडून जे मिळतं ते मुलाला मिळतंय का?

बहुतेक दाते ही पायरी गाळतात, आणि मुलाला सगळ्यात जास्त पैसा इथूनच मिळू शकतो. संस्थेबरोबर बसून एकदा यादी करा.

वडील वारलेले, आई एकटी, आईबाप गंभीर आजारी किंवा तुरुंगात, अशा मुलांसाठी राज्याची क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना आहे. त्यात दरमहा २,२५० रुपये मिळतात. केंद्राच्या मिशन वात्सल्यखालच्या प्रायोजकत्व योजनेत दरमहा ४,००० रुपये आहेत. त्यासाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ग्रामीण भागात ७२,००० आणि इतरत्र ९६,००० रुपये अशी ठेवलेली आहे. दोन्हींसाठी जिल्हा महिला व बालविकास अधिकारी कार्यालयात जावं लागतं.

आठवीत एनएमएमएस या केंद्राच्या शिष्यवृत्तीची परीक्षा असते. पालकांचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असलेली आणि सरकारी किंवा अनुदानित शाळेत शिकणारी मुलं तिला बसू शकतात. निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. विडी कामगारांच्या मुलांना केंद्रीय श्रम मंत्रालयाची वेगळी शिष्यवृत्ती आहे. ती राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर भरायची आणि त्यासाठी आईचं विडी कामगार ओळखपत्र लागतं. ग्रामीण मुलींना शाळेसाठी एसटीचा मोफत पास असतो.

हे सगळं असूनही मुलं वंचित राहतात ती कागदांपायी. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तहसील किंवा आपले सरकार केंद्रात हेलपाटे घालायचे तर आईची तेवढ्या दिवसांची मजुरी बुडते. आधारवर नावाचं स्पेलिंग एक, शाळेच्या दाखल्यावर दुसरं. सोलापुरात तर घरी तेलुगू, शाळेत मराठी, त्यामुळे आडनाव तीन कागदांवर तीन प्रकारे लिहिलेलं सापडतं. बँक खातं आधारशी जोडलेलं नसतं आणि आलेली शिष्यवृत्ती परत जाते. तुम्हाला ऑनलाइन अर्ज भरता येत असतील, तर दरवर्षी एक शनिवार संस्थेत बसून दहा मुलांचे अर्ज भरून द्या. त्याची किंमत तुमच्या देणगीपेक्षा जास्त होईल.

७. पैसे कसे द्यायचे

संस्थेच्या नावे, संस्थेच्या खात्यात, बँकेतून. कार्यकर्त्याच्या खासगी नंबरवर यूपीआय करू नका, तो कितीही भला असला तरी. दरमहा आपोआप जातील अशी सूचना बँकेला देऊन ठेवा. पावतीवर ‘शैक्षणिक पालकत्व’ असा हेतू लिहून घ्या.

आयकराची सवलत हवी असेल तर काही गोष्टी ध्यानात ठेवा. २,००० रुपयांपेक्षा जास्त रोख देणगीला सवलत मिळत नाही. वस्तूंना मिळत नाही. मुलाच्या आईच्या हातात थेट दिलेल्या पैशालाही नाही. बहुतेक धर्मादाय संस्थांच्या बाबतीत देणगीच्या निम्म्या रकमेची वजावट मिळते, तीही उत्पन्नाच्या ठरावीक मर्यादेत आणि जुनी करप्रणाली निवडली असेल तरच. वर्ष संपल्यावर संस्थेने आयकर खात्याकडे तुमच्या देणगीची नोंद करून तुम्हाला प्रमाणपत्र द्यायचं असतं. पावतीवर भागवू नका, ते मागून घ्या. नवा आयकर कायदा १ एप्रिल २०२६ पासून लागू असल्यामुळे कलमांचे क्रमांक बदलले आहेत. लोक अजूनही ‘८०जी’च म्हणतात.

परदेशातल्या मराठी मंडळींसाठी: तुमचं नागरिकत्व भारतीय असेल, तर तुम्ही आपल्या बचतीतून नेहमीच्या बँक मार्गाने दिलेली देणगी परकीय देणगी धरली जात नाही. दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं असेल, ओसीआय कार्ड असलं तरी, तो पैसा परकीय धरला जातो. तो फक्त एफसीआरए, म्हणजे परकीय देणगीच्या कायद्याखालची नोंदणी असलेल्या संस्थेला आणि तिच्या त्यासाठीच्या दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या खात्यातच देता येतो. गावातल्या भावाच्या खात्यावर पाठवून त्याच्यामार्फत संस्थेला दिले तर अडचणीत संस्था येते.

८. मुलाशी संबंध किती आणि कसा ठेवायचा

इथे थोडं थांबून बोलते, कारण चांगल्या मनाची माणसंसुद्धा इथेच मुलांना दुखावतात.

एका साहित्यवाटपाला मी हजर होते. मंचावर पाहुणे, समोर शाळा भरलेली. एकेका मुलाचं नाव पुकारलं जायचं, मूल वर यायचं, वह्यांचा गठ्ठा हातात घेऊन कॅमेऱ्याकडे बघायचं. नववीतला एक मुलगा नाव दोनदा पुकारूनही उठला नाही. त्याच्या शेजारी बसलेल्या मित्रांना तोपर्यंत काही माहीत नव्हतं. शिक्षकांनी खूण केल्यावर तो मान खाली घालून गेला, वह्या घेतल्या आणि जागेवर न येता बाहेर निघून गेला. त्या वह्या वर्गशिक्षकांनी शाळा सुटल्यावर हातात दिल्या असत्या तर काय बिघडलं असतं?

पूर्वी पुण्यात गरीब विद्यार्थी वार लावून जेवायचे. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. त्यातून कितीतरी जण शिकले, मोठे झाले. पण रोज कुणाच्या तरी दारात ताटासाठी उभं राहण्याचा सल त्या पिढीने आयुष्यभर बोलून दाखवला. संस्था मध्ये असली की मुलाला दारात उभं राहावं लागत नाही. म्हणून तुमचं नाव मुलाला कळलंच पाहिजे असा आग्रह नको.

बाकी नियम थोडक्यात. मुलाचा फोटो, नाव, शाळा, घरची कहाणी समाजमाध्यमांवर किंवा सोसायटीच्या व्हॉट्सअॅप गटावर टाकू नका. संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख उघड करणं हा बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ खाली गुन्हा आहे, त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. भेट नेहमी संस्थेच्या माणसासमोर. मुलाचा मोबाइल नंबर घेऊ नका, आपला देऊ नका. महागडी भेटवस्तू नको; त्याच घरात दोन भावंडं आणखी असतात. वाढदिवसाला त्याला घरी बोलावून नातेवाइकांना ‘हा आमचा मुलगा’ म्हणून दाखवणंही नको. पत्र लिहायचं तर संस्थेमार्फत लिहा, आणि त्यात गुणांच्या चौकशीपेक्षा त्याला काय आवडतं ते विचारा. उत्तर आलंच पाहिजे असं धरू नका.

संस्थेकडून वर्षातून दोनदा प्रगतीची माहिती मिळावी, ही अपेक्षा मात्र रास्त आहे. हजेरी आणि तब्येत आधी बघा, टक्के नंतर.

९. वर्षाचं वेळापत्रक

राज्यात बहुतेक ठिकाणी शाळा जूनच्या मध्यावर उघडतात, विदर्भात थोड्या उशिरा. म्हणून पैसे मे महिन्यात पोचायला हवेत. मार्चअखेर कर वाचवण्यासाठी दिलेली देणगीही चालेल, पण सप्टेंबरमध्ये आलेल्या पैशाने जूनचं दप्तर मिळत नाही. दिवाळीच्या सुट्टीनंतर मुलं परत आली का हे विचारा, कारण गळती तेव्हा होते. दहावीच्या परीक्षेचे अर्ज पहिल्या सत्राच्या शेवटाला भरतात, त्याची फी वेगळी धरून ठेवा.

१०. दहावीनंतर, आणि थांबायचं असेल तर

अकरावीचे प्रवेश आता राज्यभर ऑनलाइन होतात. फॉर्म भरताना मुलाबरोबर कुणीतरी जाणतं माणूस असायला हवं. राखीव जागेतून इंजिनिअरिंग, फार्मसी किंवा नर्सिंगला जायचं असेल तर जात वैधता प्रमाणपत्राचा अर्ज अकरावीतच करा. ते मिळायला महिने लागतात आणि प्रवेश त्याच्यासाठी अडतो. मुलींसाठी एक महत्त्वाची गोष्ट: २०२४-२५ पासून आठ लाखांपेक्षा कमी उत्पन्नाच्या घरातल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण व परीक्षा शुल्क राज्य सरकार पूर्ण भरतं. म्हणजे तुमची मदत वसतिगृह, मेस आणि पुस्तकांकडे वळवता येते. आयटीआयला जाणाऱ्या मुलाकडे दाते पाठ फिरवतात. तसं करू नका. सोलापुरात आयटीआय करून दोन वर्षांत घराला हातभार लावणारी मुलं मी पाहते आहे.

नोकरी गेली, घरात दुखणं आलं, बदली झाली, तर थांबावं लागेल. तसं झालं तर संस्थेला निदान सहा महिने आधी लेखी कळवा आणि चालू शैक्षणिक वर्ष पूर्ण करा. शक्य असेल तर तुमच्या जागी दुसरं कुणी सुचवा. मुलाला तुम्ही माहीत असाल, तर थांबण्याचं कारण त्याचे मार्क नाहीत हे संस्थेच्या ताईंनी त्याला स्पष्ट शब्दांत सांगावं, असं त्या पत्रातच लिहा.